वस्त्रांची साक्ष

नव्या दफनासाठी जुनी कबर उघडली जाते तेव्हा धर्मग्रामाच्या कबरस्थानात आम्ही एक गोष्ट पुष्कळदा पाहिली आहे. सुती सदरा मातीस मिळालेला असतो, पण टेरिलीनची विजार जवळजवळ जशीच्या तशी हाती लागते. खणणाऱ्यास त्याचे नवल नसते. आम्हांस मात्र अशा वेळी बोस्नियातील स्रेब्रेनित्सा या गावाची आठवण होते, कारण तेथे अशाच वस्त्रांनी न्यायालयात साक्ष दिली.

कापूस वनस्पतीजन्य असल्याने ओलसर जमिनीत बुरशी व जंतू त्याचा लवकर फडशा पाडतात. लोकर आणि रेशीम आम्लधर्मी ओल्या मातीत अधिक टिकतात. चुनखडीच्या जमिनीत लोकर तग धरत नाही. पॉलिएस्टर तर कित्येक दशके राहते. म्हणून कधी कधी कापड नाहीसे होऊन हाडांभोवती केवळ शिवणीचा दोरा उरतो. तांब्याच्या बटणालगतचा तुकडाही वाचतो, कारण तांब्याचे क्षार जंतूंस मारक असतात.

११ जुलै १९९५ रोजी बोस्नियन सर्ब सैन्याने स्रेब्रेनित्सा घेतले आणि पुढील काही दिवसांत सुमारे ८,००० मुस्लिम पुरुष व मुलगे ठार केले. मारणाऱ्यांपैकी बहुतेक स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत, हे आम्ही लपवू इच्छीत नाही. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात यंत्रांनी कबरी उकरून प्रेते दूर नेऊन पुरण्यात आली. त्या ओढाताणीत एकाच माणसाची हाडे दोन-तीन ठिकाणी विखुरली.

हे सारे लढाईत पडले, असा बचाव पुढे झाला. पण १९९६ पासून झालेल्या उत्खननांत दहा ठिकाणी किमान ४४८ डोळ्यांवरच्या पट्ट्या आणि तेरा ठिकाणी किमान ४२३ बंधने सापडली. बंधने बहुतेक तारेची होती, काही कापडाची व सुतळीची. लढता लढता पडलेल्याचे डोळे कोण बांधतो? पट्ट्यांचे कापड, माती आणि काडतुसांची टरफले ताडून पाहता मूळ कबरी व मागाहूनच्या कबरी यांचे नातेही जुळले. हेगच्या न्यायाधिकरणाने २ ऑगस्ट २००१ च्या निकालात हा पुरावा ग्राह्य धरला, आणि तेथे वंशसंहार झाला हा निष्कर्ष २००४ मध्ये अपिलातही टिकला.

मुस्लिम रीतीने मृतास न शिवलेल्या पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून पुरतात. या माणसांस तेवढेही लाभले नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांना खड्ड्यात लोटले. मारेकऱ्यांची ही बेपर्वाईच त्यांच्यावर उलटली.

गुन्हा सिद्ध करण्यास वस्त्रे पुरली, नाव सांगण्यास मात्र अपुरी पडली. कपडे धुऊन त्यांची छायाचित्रे आयाबहिणींस दाखवली गेली. कित्येकींनी आपल्या हातची वीण, आपण लावलेले ठिगळ ओळखले. परंतु तीन वर्षांच्या वेढ्यात अनेकांच्या अंगावर मदतीतून आलेले सारखेच कपडे होते, आणि भावाचा सदरा भाऊ घालीत असे. ओळखीत चुका होण्याचा धोका होता. २००१ पासून हाडांतील डीएनए नातेवाईकांच्या रक्ताशी ताडला जाऊ लागला, तेव्हा कोठे खात्रीने नावे मिळू लागली.

२००३ पासून पोतोचारीच्या स्मारकभूमीत, मुख्यतः दरवर्षी ११ जुलैला, ओळख पटलेल्यांच्या हिरव्या कापडाने झाकलेल्या पेट्या पुरल्या जातात. आणखी एखादे हाड सापडेल या आशेने काही कुटुंबे दफन लांबणीवर टाकतात.