नऊ आकडी नंबर

मागच्या महिन्यात सांगलीच्या एका क्लायंटला फोन लावला. त्यांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर अडकलं होतं. नेहमीसारखं म्हटलं, "मॅडम, स्क्रीनवर नऊ आकडी नंबर दिसतोय ना, तेवढा सांगा." पलीकडे शांतता. मग प्रश्न आला, "अहो, पण तुम्ही कंपनीतूनच बोलताय कशावरून?"

खरं सांगतो, राग आला. तीन वर्षं सपोर्ट देतोय मी त्यांना! पण बाईंचा प्रश्न रास्त होता, आणि त्यामागे बराच इतिहास आहे. आज तोच.

इंग्लंडमध्ये केंब्रिजला ऑलिव्हेटी कंपनीची रिसर्च लॅब होती, पुढे ती एटी अँड टीकडे गेली. तिथे ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वुड आणि अँडी हॉपर यांनी व्हीएनसी बनवलं. त्यावरचा त्यांचा पेपर १९९८ चा. (यातला क्वेंटिन म्हणजे १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठात कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावणाऱ्या दोघांपैकी एक. उठून जायचा कंटाळा माणसाला कुठवर नेतो बघा.)

कल्पना इतकी साधी, की मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं काहीतरी सुटलंय. पलीकडचं मशीन फक्त सांगतं: स्क्रीनवर अमुक जागी अमुक पिक्सेलचा चौकोन काढ. जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवायचा. उलट दिशेने जातात की-बोर्डची बटणं आणि माउसची हालचाल. बस्स. बघणाऱ्याच्या बाजूला काही साठवावं लागत नाही, त्यामुळे कनेक्शन तुटलं तरी परत जोडल्यावर कर्सर होता तिथेच! विंडोज असो, मॅक असो, युनिक्स असो, चौकोन सगळ्यांनाच काढता येतो. वर कोड जीपीएलखाली फुकट. २००२ मध्ये लॅब बंद पडली, तोवर व्हीएनसी जगभर पोचलं होतं.

मायक्रोसॉफ्टनेही १९९८ मध्ये एनटी ४ ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली, आणि २००१ च्या एक्सपी प्रोफेशनलमध्ये रिमोट डेस्कटॉप आयतंच आलं. पण ऑफिसबाहेरून आत शिरायचं, तर राउटर आडवा. व्हीएनसीसाठी ५९०० नंबरचा पोर्ट उघडून घ्यावा लागे. त्यासाठी तिथल्या नेटवर्कवाल्याला गाठायचं. तो विचारणार: कोण, कशाला, किती वेळ? आमच्या धंद्यातल्या लोकांनी या माणसाला किती शिव्या घातल्या असतील!

२००५ मध्ये जर्मनीतून टीमव्ह्यूअर आलं आणि ही कटकट संपली. युक्ती अशी, की दोन्ही मशीन आपणहून बाहेर पडून मधल्या सर्व्हरला भेटतात. आतून बाहेर जाणाऱ्याला राउटर सहसा अडवत नाही. मग एकमेकांना ओळखायला फक्त नंबर हवा. पुढे एनीडेस्कही याच वाटेने आलं.

नेटवर्कवाला गेला. त्याचे तीन प्रश्न मात्र कुणीच विचारेनात, कारण आता ते फोन हातात धरलेल्या माणसाने विचारायचे होते, आणि हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं: भामटे लोकांना एनीडेस्क डाउनलोड करायला लावतात, नऊ आकडी कोड मागतात आणि खात्यातून यूपीआयने पैसे काढतात. ॲप बनावट नव्हतं. मी रोज वापरतो तेच. वाक्यसुद्धा माझंच, "तेवढा नंबर सांगा."

तर मी मॅडमना म्हटलं, "फोन ठेवा. आमच्या बिलावर ऑफिसचा नंबर छापलाय, त्यावर लावा आणि मला मागा." दहा मिनिटांनी रिसेप्शनवरून फोन जोडून आला.

"हं, घ्या लिहून," मॅडम म्हणाल्या.

डिस्क भरली होती. पाच मिनिटांचं काम.