रायोली

रायोली : डायनोसॉरांच्या जीवाश्मांसाठी (शिळारूप अवशेषांसाठी) प्रसिद्ध असलेले गुजरात राज्यातील एक स्थळ. महीसागर (पूर्वीच्या खेडा) जिल्ह्यात बालासिनोरजवळ वसलेले हे स्थळ अहमदाबादहून एका दिवसात पाहून परत येता येते. येथील खडक लॅमेटा मालेतील असून ते क्रिटेशस कालखंडाच्या अखेरचे (सु. ६.७ कोटी वर्षांपूर्वीचे) आहेत. महाराष्ट्राचे पठार ज्या लाव्ह्याच्या थरांनी बनले आहे, त्यांच्या खाली अनेक ठिकाणी हीच माला आढळते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या भूवैज्ञानिकांना १९८१ च्या सुमारास या परिसरात डायनोसॉरांच्या अस्थी व अंडी आढळली. १९८२–८४ या काळात गोळा केलेल्या अस्थींच्या अभ्यासावरून भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एका मांसाहारी डायनोसॉराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या डोक्यावर एक शिंग होते. त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव देण्यात आले. मादागास्करमधील मजुंगासॉरसशी त्याचे निकटचे साम्य असून, ते दोन्ही भूभाग पूर्वी जोडलेले होते, या मताला त्यामुळे पुष्टी मिळते.

याच प्रदेशातील धोली डुंगरी येथील शोध विशेष उद्‌बोधक आहे. धनंजय मोहबे यांना तेथे १९८४ मध्ये अंड्यांसह काही अस्थी मिळाल्या. प्रथम त्या सर्व डायनोसॉराच्या पिलाच्या मानण्यात आल्या. २००१ मध्ये जेफ्री विल्सन यांना त्यांत सापाचे मणके ओळखू आले. पुढील अभ्यासानंतर २०१० मध्ये सनाजेह इंडिकस हे सापाचे नवे नाव प्रसिद्ध झाले. सु. ३.५ मी. लांबीचा हा साप एका फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून होता व शेजारी सु. ०.५ मी. लांबीचे पिलू होते. साप, अंडी व पिलू एकाच शिलाखंडात मूळच्या स्थितीत राहिल्यामुळेच घरट्यावरील या भक्षकाचा पुरावा हाती आला. मणके सुटे करून नेले असते, तर हा संबंध कायमचा नष्ट झाला असता.

रायोली येथील अनेक अवशेष दीर्घकाळ उघड्यावर होते. पुढे या क्षेत्राला संरक्षण देण्यात आले व २०१९ मध्ये येथे संग्रहालय सुरू झाले. खडकात रुतलेली अंडी व अस्थी येथे मूळ जागी पाहता येतात. त्या तेथेच राहू देणे, हे या स्थळाच्या पुढील संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.