आभासी डिस्कची हद्द

‘व्हर्च्युअल’ या शब्दाला मराठीत ‘आभासी’ हा प्रतिशब्द आता रूढ झाला आहे. परंतु ‘आभास’ म्हटले की आपल्या मनात मृगजळ किंवा दोरीवर भासणारा साप उभा राहतो. आभासी यंत्राच्या डिस्कवर साठवलेला मजकूर मात्र मृगजळ नसतो. तो पुसला गेला तर खरोखरच जातो. मग त्या डिस्कमध्ये आभासी ते काय? तिच्यावरील जागा वाढवण्याच्या खटाटोपाचा इतिहास पाहिला की उत्तर सापडते. आभासी असते ती तिची हद्द.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील केंब्रिज येथे होतो. आयबीएमच्या तेथील संशोधन केंद्रात १९६४च्या अखेरीस रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी सीपी-४० या प्रणालीचे काम हाती घेतले. एकच मोठा संगणक अनेकांत असा वाटायचा, की प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळाल्याचा प्रत्यय यावा, ही मूळ कल्पना. १९६७मध्ये ही प्रणाली वापरात आली. या वाटणीतील यंत्रांना आरंभी ‘स्यूडो मशीन’, म्हणजे मिथ्या यंत्र, म्हणत. ‘व्हर्च्युअल’ हे विशेषण मागाहून आले. ‘खोटे’ जाऊन ‘व्यवहारापुरते खरे’ आले, हा अर्थाचा बदल महत्त्वाचा होता.

डिस्कचीही अशीच वाटणी झाली. मोठ्या डिस्कचे ठरावीक सिलिंडर एकेकाच्या नावे लागत. त्या तुकड्याला ‘मिनिडिस्क’ म्हणत. ती भरली की पंचाईत होई, कारण तिला लागून बहुधा दुसऱ्याची मिनिडिस्क असे. उपाय एकच: अन्यत्र मोठी जागा घ्यायची, सारा मजकूर तिथे उतरवायचा आणि जुनी जागा सोडायची. १९७२मध्ये आलेल्या व्हीएम/३७०मध्येही रीत हीच होती. वाढ म्हणजे बिऱ्हाड हलवणे.

हद्द आणि प्रत्यक्ष जागा यांची ही गाठ हळूहळू सुटली. १९९०मध्ये आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘लॉजिकल व्हॉल्यूम’ आले. विखुरलेले तुकडे सलग भासू लागले आणि नवा तुकडा मागाहून जोडता येऊ लागला. १९९८मध्ये हाइन्झ माउल्सहागेन यांनी तशीच सोय लिनक्समध्ये आणली. १९९९मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशनमुळे आभासी यंत्र घरच्या संगणकावर आले आणि त्याची डिस्क ही केवळ एक फाइल झाली. ती मोठी करणे आता एका आज्ञेचे काम आहे.

तरीही ती आज्ञा दिल्यावर यंत्राच्या आत डोकावले, तर ‘जागा शिल्लक नाही’ हे उत्तर कायम असते. शेजारचे वावर विकत घेतले, पण सातबाऱ्यावर नोंद झाली नाही, तशी ही अवस्था. कोणता विभाग कोठे सुरू होतो आणि केवढा आहे, हे पार्टिशनचा तक्ता सांगतो; १९८३मध्ये पीसी-डॉस २.० बरोबर आलेली तशा तक्त्याची रीत पुढे दीर्घकाळ टिकली. त्याच्या आत फाइल सिस्टीम आपला निराळा हिशेब ठेवते. प्रत्येक थर स्वतःच्या नोंदीवरच विश्वासतो. म्हणून आधी डिस्क, मग पार्टिशन, लॉजिकल व्हॉल्यूम असेल तर तो, आणि शेवटी फाइल सिस्टीम, असा बाहेरून आत नवी हद्द कळवण्याचा क्रम पाळावा लागतो.

जागा कमी करताना हा क्रम उलटा होतो. फाइल सिस्टीम आकसण्याआधीच बाहेरची हद्द आवळली, तर काठावरचा मजकूर छाटला जातो. वाढवतानाही जोखीम आहेच. अनेकदा पार्टिशनची नोंद पुसून नव्याने लिहिली जाते. तिचा आरंभबिंदू एका सेक्टरने जरी चुकला, तरी फाइल सिस्टीम सापडेनाशी होते. म्हणून हात घालण्यापूर्वी प्रत काढून ठेवणे अनिवार्य.

आज आणखी पुढची पायरी आली आहे. पाचशे गिगाबाइटच्या साठ्यावर दहा यंत्रांना प्रत्येकी शंभर गिगाबाइट ‘देता’ येतात, कारण जागा लिहिले जाईल तेव्हाच खर्ची पडते. हे ऐपतीपेक्षा अधिक रकमेच्या हुंड्या लिहून देण्यासारखे आहे. साऱ्या एकदम वटवायला आल्या, की पेढी बसते. येथे यंत्रे अडतात.

तेव्हा ‘आभासी’ हा शब्द खुशाल राहू द्यावा. तो हद्दीला लागू आहे, आतल्या ऐवजाला नाही, एवढे ध्यानात असले म्हणजे पुरे.