माजघर : माती, लाकूड, लोकर आणि हात

मागच्या वेळी आपण वाड्याच्या दिंडीदरवाजातून चौकापर्यंत आलो होतो. बैठकीचा सोपा पाहिला, तिथले लोड-तक्के पाहिले. आज जरा आत जाऊ या, माजघरात. माजघर म्हणजे मधले घर. सोप्यावर पाहुणा बसायचा. घरचे माणूस मात्र माजघरात. पोरे तिथेच झोपायची, धान्य तिथेच निवडले जायचे, म्हातारी तिथेच वाती वळत बसायची. आज आपण ज्याला ऐसपैस घरगुती खोली म्हणतो, ती आपल्याकडे हीच.

आता ही खोली सजवली कशी जायची? खरे सांगायचे तर कुणी बसून सजवलीच नव्हती. तिचा आकारसुद्धा लाकडाने ठरवलेला. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणत आणि घर खणांत मोजत. तुळईला जेवढा लांब वासा मिळेल तेवढाच खण. देशावर भिंती पांढरीच्या मातीच्या, चांगल्या हातभर जाड. म्हणून चैत्र-वैशाखातही आत गारवा. कोकणात जांभ्याचे चिरे. आणि ज्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत त्याच्या घरी कारवीच्या काटक्यांचा कूड, वरून शेणमातीचा लेप. कपाट नाही, पण भिंतीतच कोनाडा. टांगायला लाकडी खुंटी.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे जमीन. मुरूम-माती पसरायची, पाणी मारायचे आणि चोपण्याने चोपून चोपून घट्ट करायची. वरून शेणाचे सारवण. शेणातले गवताचे तंतू माती धरून ठेवतात, धूळ उडत नाही. सारवताना हात अर्धवर्तुळात फिरतो, त्याच्या कमानी जमिनीवर उमटतात. तुम्ही म्हणाल, किती सुंदर! सुंदर आहेच. पण ती नक्षी म्हणजे ओणव्याने काम करणाऱ्या बाईच्या हाताची खूण आहे, हे विसरू नका. चालून चालून सारवण झिजते, पोपडे निघतात. मग पुन्हा शेण कालवा, पुन्हा ओणवे व्हा. सणाआधी सारवण, पाहुण्याआधी सारवण. माझ्या आजीला आम्ही एकदा विचारले, जुन्या घराची आठवण येते का? ती म्हणाली, "घराची येते रे, सारवणाची नाही येत."

या उत्तरामागे एक मोठा इतिहास आहे. 1871 मध्ये सोलापूरकडून जाणारा लोहमार्ग रायचूरला पोचला. त्याच मार्गावर शहाबाद आहे. तिथला चुनखडीचा सपाट दगड आता गाडीने लांबवर नेता येऊ लागला आणि हळूहळू शहाबादी फरशी घरोघरी आली. छपराचेही तसेच. 1865 मध्ये बाझेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. कुंभाराच्या नळीच्या कौलांची दरवर्षी शाकारणी करावी लागे. मंगलोरी कौलाने तो व्याप कमी केला. फरशी थंडीत पायांना गार लागते, तिच्यावर कमानी उमटत नाहीत, सगळे खरे. पण ती नुसती पुसली की भागते. तिने किती जणींच्या कमरेला विसावा दिला, याची नोंद कुठल्या दप्तरात मिळायची नाही.

दुसरी गोष्ट अंथरुणाची. माजघरात घोंगडी असायची. धनगराने मेंढ्या कातरायच्या, लोकरीचे सूत काढायचे, सणगराने विणायचे आणि चिंचोक्याची खळ लावायची. काळा-पांढरा रंग मेंढीचाच. तिच्याजवळ जुन्या लुगड्यांची वाकळ. धान्याला बुरडाने विणलेली सुपे, टोपल्या, कणग्या. आता एक अवघड गोष्ट बोलतो. बुरडाचे सूप थेट माजघरात जायचे, पण कित्येक घरांत ते विणणारा माणूस अंगणातच थांबायचा. वस्तू चालायची, माणूस चालायचा नाही. माजघराच्या मायेच्या गोष्टी सांगताना हा उंबरठाही सांगितला पाहिजे.

हे सगळे आज का सांगतो? व्याख्यानाआधी एका तरुण जोडप्याने मला विचारले, फ्लॅटमधली बसायची खोली जुन्या पद्धतीने, नैसर्गिक वस्तूंनी करायची आहे, काय काय आणू? जरूर आणा. सागवानी झोपाळा आणा, घोंगडी आणा, बांबूच्या टोपल्या आणा. पण घोंगडी घेताना विणकराकडे जाऊन घ्या, घासाघीस न करता त्याचे मोल द्या. आणि घरी आणल्यावर ती झटकणार कोण, उन्हात टाकणार कोण, ते दोघांनी आधीच ठरवा. माजघर ज्या हातांवर उभे होते त्यांना कुणी विचारले नव्हते. तुम्हाला विचारता येईल.

पुढच्या वेळी आपण माजघराला लागून असलेल्या स्वयंपाकघरात शिरू. चूल, धूर आणि धुराडे यांबद्दल बोलू. आता काही प्रश्न असतील तर घेऊ या.