रुपईडीह्यापलीकडचा सोहर

आमच्या कोरसचा परदेश दौरा एकदाच झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये, भाड्याच्या टेम्पो ट्रॅव्हलरने. पहाटे लखनौच्या जानकीपुरमहून निघालो. वाटेत एक पंक्चर आणि तीन चहा. बहराइच, नानपारा करत रुपईडीह्याच्या नाक्यावर पोचेपर्यंत दुपार झाली. पासपोर्ट कुणाकडेच नव्हता; नेपाळला जायला आपल्याला तो लागत नाही. नाका ओलांडला आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे गेलं. नेपाळगंजच्या शाळेत स्वागताचा फलक लावला होता, त्यावर विक्रम संवताचं साल होतं २०७०. आमचे तबलेवाले, बँकेतून निवृत्त झालेले, फलकाकडे बघून मला म्हणाले, "भाभीजी, छप्पन साल आगे आ गए, अब तो सुर में गाना पड़ेगा."

माझा मिरजेचा तंबोरा मात्र सुरात यायला तयार नव्हता. सामानात न टाकता चांगला मांडीवर घेऊन बसले होते, तरी नानपाऱ्यापुढच्या एका खड्ड्यात भोपळा सीटच्या लोखंडी दांड्यावर आपटला आणि वीतभर चीर गेली. आतून हात लागत नाही, बाहेरून दाबलं की कुरकुरतो. षड्जाच्या तारा कशाबशा घुमत होत्या. पंचम छेडला की पत्र्याच्या डब्यात खडा वाजावा तसा आवाज. शेवटी शाळेतली पेटीच घेतली.

मी लखनौत आले ती १९७८ साली, लग्न होऊन. ह्यांची नोकरी केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत, आणि ती संस्था १९५१ पासून गोमतीकाठच्या छत्तर मंजिलमध्ये. बेगमांच्या महालात पांढऱ्या उंदरांचे पिंजरे! पुढे संस्था जानकीपुरम विस्तारला आली, आमच्या घरापासून पायी जाण्याइतकी जवळ. पण तोवर हे निवृत्त झाले होते. जन्मभर बस बदलून गेले आणि आता ऑफिस दाराशी येऊन उभं, असं ते अजून म्हणतात.

त्या सुरुवातीच्या दिवसांत ह्यांना उशीर झाला की मी छत्तर मंजिलवरून कैसरबागेकडे पाय मोकळे करायला जाई. तिथे वाजिद अली शाहांच्या परीखान्यात भातखंडे कॉलेज. एका संध्याकाळी खिडकीतून पंचवीस-तीस गळ्यांची यमनची सरगम ऐकू आली. एकाही स्वराची अदलाबदल नाही, तीच सरगम मी मिरजेत 'क्रमिक पुस्तक मालिके'तून घोटली होती. नव्या गावात भाजी मागायला शब्द सापडत नव्हते आणि इथे माझं माहेर परक्या पोरांच्या तोंडून गात होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात ते पुस्तक मागितलं तर हाथरसला छापलेली हिंदी प्रत पुढे आली. मूळ मराठीत आहे म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "ऐसा?"

पंडित विष्णु नारायण भातखंडे वाळकेश्वरचे, जन्म १८६०. पेशाने वकील, काही काळ कराचीत वकिली केली. मग ते सोडून गावोगावच्या उस्तादांच्या चिजा गोळा करत फिरले. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, चौथी आणि पाचवी लखनौत. त्यांतून कॉलेजची कल्पना पक्की झाली. राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांनी पुढाकार घेतला आणि १९२६ मध्ये कॉलेज उघडलं. गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावाने मॅरिस कॉलेज. साहेबाचं नाव जाऊन पंडितजींचं यायला १९६६ उजाडलं.

एकत्र गाणं आपल्याला नवं होतं असं नाही. वारकऱ्यांची दिंडी आहे, गणपतीचे मेळे होते, गोंधळ्यामागचा झीलकरी आहे. पण रागसंगीत? ते गुरूसमोर एकट्याने बसून, वर्षानुवर्षं. वीस जणांनी एकदम 'सा' लावायचा, फळ्यावरची चीज बघून म्हणायची, तासाची घंटा झाली की उठायचं, याला जुन्या मंडळींनी नाकं मुरडली असली तर मला नवल वाटत नाही. वर्गातून मोठा गवई निघतो का, हा वाद अजून मिटलेला नाही. कोरस मात्र निघतो. आमच्या अकरा जणांतल्या सात जणांनी आपापल्या गावी भातखंड्यांच्या परीक्षा दिलेल्या आहेत, म्हणून तर पहिल्या तालमीला कुणाला कुणाचं नाव माहीत नसताना भूपाळीची सरगम सगळ्यांना येत होती.

अडतं ते पट्टीपाशी. बायकांची काळी चार-पाच, पुरुषांची काळी एक. दोघांना सोसेल असा सूर काढण्यात मंगळवारची निम्मी तालीम जाते. पाश्चात्त्य कोरसने हे कोडं कधीच सोडवलंय: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, प्रत्येकाला आपापली ओळ. आपल्याकडे मुंबईत व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६ मध्ये हौशी गायकांचा तसा वृंद उभारला. १९६७ मध्ये ते गेल्यावर कुमी वाडिया या पारशी बाईंनी तो हाती घेतला आणि त्याला युरोपच्या मंचावर उभं केलं. परांज्योतींची 'द्रविडियन डिथिरॅम्ब' ही रचना अशा वृंदांत अजून गायली जाते. कुमीबाईंसमोर दिवसा नोकरी आणि संध्याकाळी तालीम करणारी माणसं उभी राहत, म्हणजे आमच्यासारखीच. सारखेपणा तिथेच संपतो.

लखनौहून गाणं परदेशी गेलं ते निराळ्या वाटेने. इथून वृंद गेला नाही, तिथून विद्यार्थी आले. १९२८ पासून कॉलेजची धुरा श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांकडे होती. मुंबईचे, भातखंड्यांचे शिष्य, फैयाज खाँसाहेबांकडेही शिकलेले. त्यांच्या काळात सिलोनची मुलं इथे येऊ लागली. आगबोट, मग रेल्वे, मग हा उन्हाळा! सिंहली मातृभाषा, शिकवणारे मराठी, चिजा ब्रजभाषेतल्या आणि बाहेर बाजारात अवधी-उर्दू. ही पोरं 'विशारद' होऊन परतली, आणि श्रीलंकेत अजून ती पदवी डॉक्टरसारखी नावामागे लावतात.

त्यांतले एक अमरदेव. व्हायोलिन ते आपल्या वाईच्या विष्णु गोविंद जोगांकडे शिकले. जोग तेव्हा लखनौत शिकवत. पुढे सिंहली सुगम संगीतात अमरदेव म्हणजे शिखर झाले. मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. मालदीवचं राष्ट्रगीत आधी 'ऑल्ड लँग साइन' या स्कॉटिश चालीवर म्हणत. १९७२ मध्ये इंग्लंडच्या राणीची भेट ठरली, आणि पाहुणीला तिच्याकडचीच चाल ऐकवायची म्हणजे पंचाईत. नवी चाल केली अमरदेवांनी. कैसरबागेत वर्गात बसलेल्या माणसाची चाल आज तिथल्या शाळांतली मुलं रांगेत उभी राहून म्हणतात. दौरा दौरा म्हणतात तो याहून लांबचा काय असणार?

दुसरी गोष्ट आपण मराठी माणसं सांगत नाही. सुनील शांत आधी शांतिनिकेतनात आणि मग लखनौला शिकून १९४४ मध्ये विशारद झाले. सिलोनला परतल्यावर रागदारीची नक्कल न करता सिंहली बोलीच्या ढंगाने गाऊ लागले. १९४६ पासून रेडिओवर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनने कलावंतांची श्रेणी ठरवायला परीक्षक बोलावला तो लखनौहून, रातंजनकरांना. सुनील शांतांनी चाचणीला बसायला नकार दिला. त्यांचं रेडिओवरचं गाणं थांबलं आणि पुढची कितीतरी वर्षं ओढगस्तीत गेली. ज्या कॉलेजने विशारद केलं त्याच्याच प्राचार्यांपुढे पुन्हा का बसायचं, हा प्रश्न मला रास्त वाटतो. रातंजनकरांविषयी माझ्या मनात आदर आहे. त्यांच्या बंदिशी मी रोज म्हणते. पण एका देशाच्या गळ्याला दुसऱ्या देशाची फूटपट्टी लावायला त्यांनी जायला नको होतं. त्याच सुमारास इथे आकाशवाणीवरही त्यांच्या चाचण्यांवरून कलावंत खवळले होते. गंमत अशी, की तेव्हाचे नभोवाणीमंत्री केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटवली ती लोक ऐकू लागले रेडिओ सिलोनवर.

नेपाळगंजला आम्हाला कुणी श्रेणी दिली नाही. मुद्दाम बसवलेलं नेपाळी लोकगीत आधी म्हटलं. उच्चारांवर पुढच्या रांगेतली पोरं तोंडावर हात धरून हसली. मग एक अभंग. टाळ्या पडल्या, पाहुण्यांना पडतात तेवढ्या. तिसरा सोहर घेतला, बाळ जन्मल्यावर बायका म्हणतात तो. नेपाळगंजच्या गल्ल्यांत अवधीच बोलतात हे आम्हाला माहीत होतं, पण पहिली ओळ संपायच्या आत मागच्या बाकांवरच्या बायका गायला लागतील असं वाटलं नव्हतं. पहिली ओळ जुळली. दुसरीत आम्ही वर गेलो आणि त्या खाली उतरल्या. आमची पेटी अडखळली, तबला थांबला, आम्ही एकेक करून गप्प झालो. त्या थांबल्या नाहीत. पदर पुढे ओढून, एकमेकींकडे न बघता, पाचही कडवी म्हणून मोकळ्या झाल्या. एक म्हातारी तर आम्हाला हाताने ताल दाखवत होती.

निघताना शंभराच्या नोटेला एकशे साठ नेपाळी रुपये मिळाले, त्यांतून सगळ्यांनी मोजे आणि वेलदोडे खरेदी केले.

तंबोऱ्याच्या चिरीवर मी सरसाने कापडाची पट्टी बसवली. मिरजेला पाठवायचा तो राहूनच गेला. सोहर आता आम्ही खाली उतरणाऱ्या चालीवरच म्हणतो. त्यातली कोमल निषादावरची मुरड आमच्या पट्टीत पुरुषांनाही झेपते. आमच्यातल्या एक भाभीजी बहराइचच्या. त्यांचं म्हणणं, ही चाल नेपाळची नाहीच, त्यांच्या आजीची आहे; बहराइचच्या लेकी लग्न होऊन पलीकडे गेल्या, त्यांनी नेली. मग इतकी वर्षं तुम्ही आम्हाला वर का चढवत होता, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आप लोग किताब से गाते हैं, मैंने सोचा किताब में ऐसा ही होगा." परवाच्या मंगळवारी यावरून पुन्हा वाद झाला आणि पट्टी ठरवायची राहिली.