कोळसा उपकर (भारत)

कोळसा उपकर : देशातल्या खाणींतून निघणाऱ्या आणि आयात होणाऱ्या कोळशावर केंद्र सरकारने 2010 ते 2025 या काळात दर टनामागे आकारलेला कर. लिग्नाइट आणि पीटलाही तो लागू होता. प्रदूषणाची झळ इतरांना बसत असेल तर तिचा खर्च मालाच्या किमतीतच धरावा, हा विचार अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी 1920 साली मांडला. भारतात कोळशापुरता तो या उपकराच्या रूपाने अमलात आला.

2010-11च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ जाहीर केला आणि 1 जुलै 2010पासून टनामागे 50 रुपये घेतले जाऊ लागले. हा दर 2014 साली 100, 2015 साली 200 आणि 2016 साली 400 रुपये झाला. शेवटच्या वाढीच्या वेळी त्याचे नाव ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ असे बदलले. मेघालयात स्थानिक आदिवासी परंपरागत हक्काने जो कोळसा काढत, त्याला सूट होती. 2016नंतर दर वाढला नाही, त्यामुळे महागाईच्या मानाने त्याचा भार दरवर्षी हलका होत गेला. एक टन भारतीय कोळसा जाळल्यावर साधारण दीड टनाहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या हिशेबाने हा कर दर टन उत्सर्जनाला 250 रुपयांच्या आसपास पडत होता.

निधीचा हिशेब : वसुलीतून ‘राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी’ उभा करून सौर, पवन आणि नव्या ऊर्जातंत्राला पैसा द्यायचा, असे ठरले होते. 2010-11 ते 2017-18 या आठ वर्षांत सुमारे 86,440 कोटी रुपये जमा झाले. त्यातले सुमारे 29,650 कोटी निधीत वळवले गेले आणि प्रकल्पांना प्रत्यक्षात सुमारे 15,900 कोटी मिळाले. म्हणजे वसूल झालेल्या दर 100 रुपयांतले 18 रुपये ठरलेल्या कामी लागले. गंगा शुद्धीकरणासारखी ऊर्जेशी थेट संबंध नसलेली कामेही या निधीत बसवली गेली. बाकीची रक्कम केंद्राच्या एकत्रित निधीतच राहिली. संविधानाच्या अनुच्छेद 270नुसार उपकराची रक्कम राज्यांना वाटून द्यावी लागत नाही. त्यामुळे कोळसा ज्या राज्यांतून निघतो, त्यांचा तिच्यावर हक्क नव्हता.

1 जुलै 2017 रोजी वस्तू आणि सेवा कर (जीएसटी) आला आणि हा उपकर रद्द झाला. 400 रुपयांची आकारणी मात्र ‘भरपाई उपकर’ या नावाने सुरू राहिली. तिचा उद्देश आता राज्यांचे बुडालेले उत्पन्न भरून देणे हा होता. 2015-16 हे पायाभूत वर्ष धरून राज्यांना पाच वर्षे 14 टक्के वार्षिक वाढीची हमी होती, आणि भरपाई घेणाऱ्या मोठ्या राज्यांत महाराष्ट्र होता. हवामानाच्या नावाने बसवलेला कर अशा रीतीने महसुली तूट बुजवण्यासाठी वापरला गेला. या कराच्या इतिहासातला सर्वांत मोठा धोरणबदल हाच होय. संसदेबाहेर त्याची व्हावी तितकी चर्चा झाली नाही.

बिलातला भार : चंद्रपूर, वणी किंवा उमरेड भागातल्या खाणीतून निघालेल्या, मूळ किंमत 1,000 रुपये असलेल्या एक टन कोळशाचे उदाहरण घेता येईल. त्यावर 14 टक्के स्वामित्वधन 140 रुपये. जुन्या खाणपट्ट्यांना त्या स्वामित्वधनाच्या 30 टक्के, म्हणजे 42 रुपये, जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला द्यावे लागतात. शिवाय सप्टेंबर 2025पर्यंत 5 टक्के जीएसटी आणि 400 रुपये उपकर. धूळ, खचलेली जमीन आणि आटलेल्या विहिरी ज्यांच्या वाट्याला येतात, त्या जिल्ह्याला 42 रुपये आणि भरपाई उपकरात 400, अशी ही विभागणी होती. खाणी बंद झाल्यावर कामगारांचे काय, यासाठी या उपकरातून वेगळी तरतूद झाली नाही.

वीज जीएसटीबाहेर असल्याने कोळशावर भरलेल्या कराची वजावट वीजकंपन्यांना मिळत नाही. एका युनिटला साधारण 650 ते 700 ग्रॅम कोळसा लागतो, म्हणून उपकराचे 26 ते 28 पैसे वीजदरात किंवा इंधन समायोजन आकारात येऊन ग्राहकाच्या बिलात पडत. चंद्रपूरच्या 2,920 मेगावॅटच्या केंद्रासारख्या जुन्या आणि मोठ्या केंद्रांनाही हा खर्च वीजदरातूनच वसूल करावा लागे.

परिणाम : कोळशाचा वापर या कराने किती रोखला गेला, याविषयी एकमत नाही. देशाचे कोळसा उत्पादन 2010-11 साली सुमारे 53 कोटी टन होते. 2024-25मध्ये ते 100 कोटी टनांवर गेले.

22 सप्टेंबर 2025पासून भरपाई उपकर काढून कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के करण्यात आला. नुसत्या मूळ किमतीवर हिशेब केला तर टनाला साधारण 3,080 रुपयांपेक्षा स्वस्त कोळशावरचा करभार यामुळे घटला आणि त्याहून महाग कोळशावरचा वाढला. आयात महाग होणे देशी खाणींच्या सोयीचे आहे; पण सर्वांत हलक्या प्रतीचा, जास्त राखेचा कोळसाच सर्वाधिक स्वस्त झाला. जीएसटीत राज्यांचा वाटा असल्याने महसूल आता वाटला जातो, हा या बदलाचा चांगला भाग.

गोवा : कोळशासह प्रदूषणकारी मालाच्या हाताळणीवर 2013च्या कायद्याने राज्याचा स्वतंत्र हरित उपकर.

कार्बन बाजार : ऊर्जा संवर्धन कायद्यातील 2022च्या दुरुस्तीनंतर जून 2023मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. सिमेंट, ॲल्युमिनियम, पोलाद अशा उद्योगांना तीत उत्सर्जनाची लक्ष्ये दिली जातात. कोळशाचे सर्वांत मोठे ग्राहक असलेले वीजनिर्मिती क्षेत्र पहिल्या टप्प्यात या योजनेबाहेर ठेवले आहे.