वसईच्या विजेत्याचा पुत्र आणि त्याचा तोतया

एखाद्या मनुष्याची स्मृती नाहीशी व्हावी, पुष्कळ वर्षांनी तो दारात उभा राहावा, आणि 'हा आपलाच की कोणी परका?' या एका प्रश्नाने घराण्यातील सारी गुपिते चव्हाट्यावर यावीत, अशा कथानकाच्या कादंबऱ्या आज आवडीने वाचल्या जातात. त्यांतील रहस्य शेवटच्या प्रकरणात उलगडते आणि वाचक निश्चिंतपणे पुस्तक मिटतो. आपल्या इतिहासात अशी एक कथा खरोखरच घडली. तिचे रहस्य मिटण्यास मात्र पंधरा वर्षे लागली. तिचे एक टोक आपल्या वसईला बांधलेले आहे, म्हणून ती येथे सांगणे उचित होय.

1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, हे येथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्या वेळी अप्पांचा पुत्र सदाशिव नऊ वर्षांचाही नव्हता. त्याची आई तो तान्हा असतानाच वारली होती. वसईच्या विजयानंतर दोन वर्षांच्या आतच, 1740 च्या डिसेंबरात, अप्पाही गेले. आजी राधाबाईंच्या छायेत वाढलेले हे पोरके मूल म्हणजेच पुढचे सदाशिवराव भाऊ.

14 जानेवारी 1761 रोजी पानिपतच्या रणात भाऊ नाहीसे झाले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराजाने जी हकीगत लिहून ठेविली आहे, तीत प्रेतांच्या राशीत एक शिरविरहित धड सापडल्याचे व अंगावरील जुन्या घावाच्या खुणेवरून ते भाऊंचे म्हणून ओळखल्याचे सांगितले आहे. शीर मागाहून मिळाले आणि अग्निसंस्कारही झाला. परंतु हे सारे पुण्यापासून शेकडो कोस दूर, परक्यांच्या छावणीत घडले. घरच्या माणसाने देह पाहिला नाही, आणि भाऊ कोठेतरी जिवंत आहेत अशा वार्ता येतच राहिल्या. नानासाहेब पेशवे त्याच वर्षीच्या जून महिन्यात दुःखाने खचून निवर्तले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई रणातून कशाबशा वाचून परत आल्या होत्या. त्यांनी पतीचा मृत्यू मानला नाही व अखेरपर्यंत सवाष्णीचा वेष उतरविला नाही. घरानेही त्यांना तो उतरविण्यास लावले नाही. मृत्यू सर्वांस ठाऊक, पण तो कोणी उच्चारावयाचा नाही, असे हे उघडे गुपित होते.

ज्या दाराला कडी घातलेली नसते, त्यातून कोणीही आत येऊ शकतो. काही वर्षांतच 'मीच भाऊ' म्हणणारा एक इसम पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्याची चौकशी झाली. तो बुंदेलखंडाकडील कनोजा ब्राह्मण ठरला. त्याचे नाव सुखलाल अथवा सुखनिधान असे सांगतात. त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. प्रकरण तेथेच संपावयास हवे होते.

पण 1773 मध्ये नारायणरावांचा खून झाला, राघोबादादांचे युद्ध पेटले, आणि गादीवर 1774 साली जन्मलेले मूल आले. इंग्रजांनी साष्टी घेतली. म्हणजे वसईच्या खाडीपलीकडे परका झेंडा लागला. अशा दिवसांत लोकांना कर्ता पुरुष हवा असतो, मग तो मेलेला का असेना. 1776 मध्ये रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्या कैद्यास सोडविले. हजारो लोक त्याच्या निशाणाखाली जमले, कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले आणि तो बोरघाटापर्यंत येऊन ठेपला. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांच्या फौजेने त्याचा मोड केला. तो मुंबईस इंग्रजांकडे पळू पाहत असता राघोजी आंग्रे यांनी त्यास पकडले. डिसेंबरात पुण्यास त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर आहे.

आता याच्या उलट एक उदाहरण पाहा. बंगालमधील भवालचा राजकुमार 1909 मध्ये दार्जिलिंगला वारला असे ठरले. 1921 मध्ये डाक्क्यास एक संन्यासी प्रकटला. साधूंनी आपल्याला स्मशानातून वाचविले, मध्यंतरी आपली स्मृती गेली होती, असे तो सांगू लागला. बहिणीने त्यास ओळखले. पत्नीने साफ नाकारले. खटला खालच्या न्यायालयापासून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि 1946 मध्ये निकाल संन्याशाच्याच बाजूने कायम झाला. तेथे पत्नी 'नाही' म्हणाली व माणूस खरा ठरला. येथे पत्नी वाट पाहत होती व आलेला माणूस खोटा निघाला.

यावरून काय ध्यानात घ्यावयाचे? तोतया आपल्या स्मृतीच्या बळावर उभा राहत नाही. आपण ज्याचा शोक केला नाही, त्या दुःखाच्या बळावर तो उभा राहतो. पार्वतीबाईंना दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. ज्या स्त्रीला पतीचा देहही दिसला नाही, तिने आशा का सोडावी? परंतु घराण्याने आणि राज्याने जे स्पष्ट बोलावयास हवे होते ते बोलले नाही, आणि त्याची किंमत कोकणातील रयतेने भरली.

किल्ल्याच्या तटाखाली उभे राहून आपण अप्पांच्या विजयाचे स्मरण करतो. तेथेच एखादे वेळी त्यांच्या पोरक्या मुलाचे आणि त्याची वाट पाहणाऱ्या सुनेचेही स्मरण करावे. विजय लक्षात ठेवण्यास कोणाला शिकवावे लागत नाही. हानी मान्य करण्यास मात्र घराला आणि समाजालाही शिकावे लागते.